टँकरच्या पाण्यावरचं लॉन

पत्र:

"आम्ही दोघंही निवृत्त. मी शाळेत शिकवायचे, हे कॉलेजात. लातूरच्या बाहेरच्या वसाहतीत ४० बाय ६० चा प्लॉट आहे, त्यात अकराशे फुटांचं घर. समोर पश्चिमेला वीस फूट जागा सुटली आहे, तिथे यांनी हौसेनं लॉन लावून घेतलं. मागे आठ फूट, बाजूंना तीन-तीन फूट. चार वर्षांचा एक केशर आंबा आहे, अरेका पामच्या तीन कुंड्या आहेत, आणि कुंपणाला लावण्यासाठी नर्सरीवाला कोनोकार्पस घ्या म्हणतो. बोअर फेब्रुवारीतच दम टाकतो, मग टँकर. माझे गुडघे दुखतात, माळी टिकत नाही. मुलगा बंगळूरहून म्हणतो, सगळं काढून पांढरी खडी आणि निवडुंग लावा, काहीच करावं लागत नाही. शेजारी म्हणतात, पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे व्हा. यांचा जीव लॉनमध्ये अडकलाय. तीन वर्षांचा नातू सुट्टीत येतो. काय करावं? ता. क. पालापाचोळा पसरला तर साप येतात म्हणे, खरं का?"

उत्तर:

नमस्कार बाई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत आणि मला तिन्ही पटत नाहीत. पण आधी सरांच्या लॉनचा हिशेब मांडू. ते प्राध्यापक आहेत, आकडे नाकारणार नाहीत.

आठशे चौरस फूट म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. मे महिन्यात लातूरच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी द्यावं लागतं, म्हणजे रोजचे साडेचारशे ते पाचशे लिटर. पाच हजार लिटरचा टँकर दहा-अकरा दिवसांत नुसत्या गवतात जिरतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे परवडणारं नाही. पैशानं परवडलं तरी नाही.

आता दुसरा आकडा, हा सरांना आवडेल. तुमची गच्ची शंभर चौरस मीटरची आहे. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. तुमच्याकडे बऱ्या वर्षी सातशे मिलिमीटर पडतो. बाष्पीभवन, सांडणं, पहिल्या पावसाची धुळवड वजा केली तरी पन्नास-पंचावन्न हजार लिटर उरतं. म्हणजे दहा-अकरा टँकर दर वर्षी तुमच्या पन्हाळ्यातून गटारात जातात. बागेची आखणी मी झाडांच्या यादीपासून कधीच करत नाही. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि कुठून निघून जातं, हे आधी कागदावर काढते. झाडं नंतर.

मुलाच्या खडी-निवडुंगाबद्दल. मोबाइलवर ते फार छान दिसतं, कारण ती चित्रं वाळूच्या देशातली असतात. तुमच्याकडे काळी भारी जमीन आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसती खडी पसरली की जुलैच्या चिखलात ती गिळली जाते, दोन पावसाळ्यांत अर्धी दिसेनाशी होते. उरलेल्या खडीतून लव्हाळा आणि गाजर गवत वर येतं, आणि खडीतून गवत उपटणं हे मातीतून उपटण्यापेक्षा कितीतरी वाईट काम आहे, त्यात तुमचे गुडघे. पांढरा दगड दुपारी डोळ्यांवर येतो आणि तापलेला रात्रीपर्यंत ऊन ओकतो, तेही पश्चिमेच्या अंगणात. गोल गुबगुबीत निवडुंग उन्हानं मरत नाहीत हे खरं, पण आपल्याकडे ते मरतात पावसाळ्यात. काळ्या मातीत पाणी साचलं की बुडातून कुजतात. शिवाय घरात तीन वर्षांचं पोर.

पेव्हर ब्लॉकचं उत्तर छोटं आहे: नको. गाडी उभी राहते तेवढ्या पट्ट्यात आणि दारापर्यंतच्या वाटेवर फरशी हवीच. तिथे शहाबादी टाका, दोन फरश्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवून, खाली मुरूम ठोकून. फटीत सिमेंट भरू देऊ नका, गवंडी सवयीनं भरतोच. आणि फरशीला उतार गेटकडे न देता झाडांच्या वाफ्याकडे द्यायला सांगा. हे एकदा नीट झालं की पडणारा प्रत्येक पाऊस आपोआप झाडांकडे जातो.

लॉन पूर्ण काढू नका, असं म्हटलं तर बहुधा तुम्हीच चकित व्हाल. ओट्याला लागून दहा बाय दहाचा तुकडा सरांसाठी ठेवा, पण त्यात आणलेलं नाजूक गवत नको, आपली साधी हरळी. ती मार्चनंतर पिवळी पडेल, एप्रिल-मेमध्ये मेल्यासारखी दिसेल. दिसू द्या. तिचे धागे जमिनीखाली जिवंत असतात आणि मृगाचा पाऊस दोनदा नीट लागला की ती आठ-दहा दिवसांत परत हिरवी होते. गणपतीत दूर्वा घरच्या. सरांना एवढंच मान्य करायचं आहे की मे महिन्यात मराठवाड्यातलं अंगण मे महिन्यासारखंच दिसणार. एकदा हे मनानं घेतलं की बागेचं निम्मं काम आणि पाऊण पाणी वाचतं. माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं खरं तर याच एका हट्टाबद्दल असतात, पाण्याबद्दल नसतात.

आता आखणी. पण कुदळ मारण्याआधी एक काम करा. प्लॉट पाडताना बऱ्याचदा भराव टाकलेला असतो, वर दिसते ती माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. अंगणात दोन ठिकाणी दीड-दीड फूट खड्डा घ्यायला लावा आणि आत काय निघतं ते स्वतः बघा. मग त्यात दोन-दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे निचरा नाही, झाड खड्ड्यात न लावता फूटभर उंचवट्यावर लावायचं. लातुरात माझा अंदाज उंचवट्याचाच आहे. काळी माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत यांचा ढीग करून त्यावर झाड, आणि ढिगाच्या शेजारून उथळ चर, ज्यात गच्चीचं आणि फरशीचं पाणी येऊन मुरेल. दुष्काळी भागात नवी झाडं तहानेनं मरतात असा सगळ्यांचा समज असतो. काळ्या जमिनीत तेवढीच झाडं ऑगस्टमध्ये बुडून मरतात, फक्त ते दिसतं ऑक्टोबरमध्ये, पानं गळायला लागल्यावर. तेव्हा माणूस घाबरून आणखी पाणी घालतो.

पश्चिमेचं ऊन ही तुमची खरी अडचण आहे, तिथे सावलीचं एक झाड हवं. बहुतेक जण बहावा सुचवतील. मलाही बहावा प्रिय आहे, एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या थेंबाशिवाय तो पिवळा होऊन लोंबतो. पण फुलायच्या आधी तो पानं टाकतो, म्हणजे सावली हवी त्याच वेळी त्याची सावली विरळ. त्याला दृष्टीपुरता, कोपऱ्यात लावा. सावलीसाठी करंज लावा. वसंतात थोडे दिवस पानगळ, मग कोवळी चकाकती पालवी, आणि मे येईपर्यंत गच्च सावली. कडुनिंबही चालला असता, पण वीस फुटांच्या अंगणात तो पुढे मावत नाही. करंज घराच्या भिंतीपासून किमान चौदा-पंधरा फूट दूर, म्हणजे तुमच्याकडे कुंपणाजवळच. काळी माती मुळांनी सुकली की आणखी आकसते आणि पायाजवळ ते नको.

मागच्या आठ फुटांत मोठं काही लावू नका. दोन सीताफळं पुरेत. सीताफळासारखं समजूतदार झाड नाही: उन्हाळ्यात पानं टाकून निजतं, पाऊस आला की फुटतं, जनावरं त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत, आणि दिवाळीच्या आसपास फळं. तोडायला शिडी लागत नाही. समोर उरलेल्या कोपऱ्यात बेल किंवा आपटा, तुमच्या घरच्या सणांत ज्याचं काम जास्त पडतं तो. आपटा लावलात तर दसऱ्याला गल्लीतली पोरं फांद्या ओरबाडायला येतील हे आत्ताच गृहीत धरा. केशर आंबा ठेवा, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

एकूण नवी झाडं पाच, त्याहून जास्त नको. रोप लहान असतं तेव्हा मोकळी जागा डोळ्यांना खुपते आणि माणूस मधे-मधे आणखी लावत जातो. सहा वर्षांनी सगळ्यांची भांडणं सुरू होतात. आणि रोप कमरेएवढंच घ्या. डोक्याएवढ्या उंच रोपाची मुळं पिशवीत गोल-गोल फिरलेली असतात, ते वर्षभर जागचं हलत नाही. छोटं रोप दोन पावसाळ्यांत त्याला मागे टाकतं.

कुंपणाला कोनोकार्पस नको म्हणजे नको. नर्सरीवाल्याला तो आवडतो कारण तो झटपट वाढतो, हिरवागार राहतो आणि फांदीपासून फुकटात तयार होतो. त्याची मुळं पाण्याच्या पाइपांत आणि गटारांत शिरतात, परागकणांचा त्रास होतो अशी तक्रार आहे, आपल्या पक्ष्यांना, किड्यांना त्याचा काही उपयोग नाही. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या जागी तरवड लावा. हो, तोच, औसा रोडला निघालात की माळावर, बांधावर पिवळाधमक फुललेला दिसतो तो. नर्सरीत मिळणार नाही, कारण फुकट मिळणारी गोष्ट कोण विकणार? हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा आणा, बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये कुंपणालगत टोका. शेळ्या खात नाहीत, पाणी मागत नाही, वर्षातून एकदा कात्री लावली की दाट होतो. मधे-मधे मेंदी आणि अडुळसा चालेल. गेटजवळ एक बोगनवेल, तिला पाणी जितकं कमी तितकी फुलं जास्त. जास्त लाड केले की नुसती पानं काढते.

नातू येतो म्हणून काही नावं कटाक्षानं टाळा: कण्हेर, मग ती पांढरी असो वा पिवळी, सगळी विषारी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. घायपाताचं टोक बरोबर लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतं. आणि टणटणी, जिला तुमच्याकडे घाणेरी म्हणत असतील, कितीही रंगीत दिसली तरी नको. ती एकदा आली की जात नाही.

पूजेची फुलं लागत असणार. स्वयंपाकघराच्या मोरीजवळ एक तगर, एक जास्वंद, एक पारिजातक, कढीपत्ता आणि गवती चहा, एवढाच काय तो ओला कोपरा करा. पाणी मागणारं सगळं एका जागी, दारापासून चार पावलांवर. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याला पुरतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच, म्हणून एकच. अरेका पाम कुणाला तरी देऊन टाका. मरेपर्यंत सांभाळण्यापेक्षा ते बरं.

वॉशिंग मशीनचं पाणी झाडांना सोडायचा मोह होईल, तो आवरा. साबणाच्या पावडरीतला सोडा काळ्या जमिनीत साठत जातो आणि दोन-तीन वर्षांत माती चोपण होते: ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वरच्या वर तरंगतं. चोपण जमीन सुधारायला जिप्सम आणि धीर दोन्ही लागतात. शुद्धीकरणाच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार जास्त, ते फरशी पुसायला वापरा. अंघोळीचं पाणी मात्र चालेल, पण थेट नको. ते खडी भरलेल्या फूटभर चरातून, चरात कर्दळ लावून, मग पुढे आंब्याकडे जाऊ द्या. कर्दळ ते पाणी आनंदानं पिते.

आंब्याला तुम्ही बहुधा रोज संध्याकाळी खोडाशी बादलीभर पाणी घालत असाल. सगळेच घालतात. रोजच्या थोड्या पाण्यानं मुळं वरच्या वितीतच राहतात आणि चार दिवस पाणी चुकलं की झाड कोमेजतं. खोडाभोवतीचं आळं बुजवा, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या खाली गोल आळं काढा आणि आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर द्या. पाणी हवंय की नाही हे वरच्या मातीवरून ठरवू नका, काळी माती वर भेगाळलेली असताना खाली ओली असते. सरांना एक बोटभर जाडीची सळई द्या, आळ्यात दाबायला सांगा. फूटभर सहज गेली तर ओल आहे, पाणी नको. चार बोटांवर अडली तर द्या. हे काम त्यांना आवडेल आणि रोज पाइप घेऊन उभं राहण्याची सवय सुटेल.

भेगांचंही तेच. भेग म्हणजे खालची ओल उडून जायची उघडी खिडकी. शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ते अंगणालाही लागू आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, भेगा पडायच्या आत, माणूस लावून वरवर खुरपून घ्या आणि त्यावर चार बोटं जाड आच्छादन पसरा. तुमच्या भागात त्याला पैसे पडायला नकोत, खळ्यावर सोयाबीनची गुळी पडलेली असते, उसाचं पाचट लोक जाळून टाकतात. एक ट्रॉली मागितली तर कुणीही देईल. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी पाचटातून थेट सालीवर चढते.

ठिबकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विक्रेता येणारच. तुमच्यासारख्यांना मी एरवी मडकी सुचवते: कच्च्या भाजणीचं मडकं झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, डासांसाठी तोंडावर फरशीचा तुकडा. पाणी पाझरत मुळांपाशी जातं, वरून काही उडत नाही. पण ते भरायला वाकावं लागतं, आणि वाकणंच तर तुम्हाला नको आहे. म्हणून पाच झाडं आणि कुंपणाला मिळून १६ मिलिमीटरची एकच साधी नळी, तिचा कॉक ओट्यावर, खुर्चीत बसून उघडता येईल असा. टायमर, संगणक काही नको. बोअरच्या जड पाण्यानं नळीवरच्या थेंबमाऱ्या, म्हणजे ड्रिपर, चोंदतात, महिन्यातून एकदा नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी सोडून द्या आणि कुठली थेंबमारी गळत नाही ते बघून या. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक झाडाला चार-पाच दिवसांनी दहा-पंधरा लिटर. सगळा हिशेब केला तर ओल्या कोपऱ्यासकट रोजचे शंभर लिटरही होत नाहीत. तिसऱ्या उन्हाळ्यापासून करंज, बहावा, सीताफळ आणि तरवड यांचं पाणी बंद, आंब्याचं आणि मोरीजवळच्या कोपऱ्याचं चालू.

गच्चीच्या पाण्यासाठी पाच हजार लिटरची एक टाकी बाजूच्या तीन फुटांत बसेल का ते मोजून घ्या. ती पावसाळ्यात कित्येकदा भरून वाहील. वाहून जाणारं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरला सोडा, किंवा समोरच्या चरात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्यायला वेगळी तोटी ठेवा, गच्चीवर वर्षाची धूळ असते. शोषखड्डा केलाच तर काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या आणि पायापासून दहा फूट तरी दूर, मधेच सोडला तर तो डबकं होऊन बसतो.

आत्ता मे चालू आहे. लॉनचं पाणी आजच तोडा, हरळीच्या तुकड्यासकट. खड्डे आणि चर या महिन्यात करून उन्हात तापू द्या. मुरमाची एक ट्रॉली मागवून ठेवा. रोपं आत्ता आणायची नाहीत, नर्सरीवाला कितीही म्हणाला तरी. जमीन वीतभर ओली झाल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावा. टिकाऊ माळी शोधू नका, वर्षातून चार वेळा दिवसाच्या रोजावर माणूस लावा: जुलै आणि सप्टेंबरात तणासाठी, फेब्रुवारीत आच्छादनासाठी, जूनच्या आधी छाटणीसाठी. एवढंच, पण ते चुकवायचं नाही. काहीच करावं लागत नाही अशी बाग फक्त प्लास्टिकच्या झाडांची असते आणि तीही धुवावी लागते.

तुमच्या ताज्या कलमाबद्दल. साप पाचोळ्यासाठी येत नाही, उंदीर आणि बेडकांसाठी येतो, आणि राहतो विटांच्या, लाकडाच्या, भंगाराच्या ढिगात. चार बोटं जाडीचं, सपाट पसरलेलं आच्छादन त्याला लपायला पुरत नाही. बांधकामातून उरलेल्या विटा मागच्या भिंतीला लावून ठेवल्या असतील, बहुतेक ठिकाणी असतात, त्या आधी हलवा. समोर आणि मागे घराच्या भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा कोरडा, उघडा ठेवा, तिथे आच्छादनही नको आणि झाडही नको. बाजूच्या तीन फुटांत तर काहीच लावू नका. रात्री मोरीकडे जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. नातवाला आच्छादनात हात घालून खेळू देऊ नका, सापापेक्षा तिथे विंचवाची शक्यता जास्त.